खाडीपासून सड्यापर्यंत : उपग्रह-नकाशावर वास्तूची हवाई चित्रफीत करताना

कातळसडा

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावासाठी माध्यमिक शाळेच्या इमारतीचे काम आमच्या लहानशा कार्यालयाकडे आहे. शाळा एक धर्मादाय न्यास बांधणार आहे. जागा गावाच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) आहे, आणि खालच्या तीन वाड्यांतील मुलांना पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढून तिथे यावे लागणार आहे. आराखडे, छेद आणि पुठ्ठ्याची प्रतिकृती घेऊन आम्ही दोनदा ग्रामसभेत गेलो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले, पण प्रश्न फारसे आले नाहीत, कारण आपल्या घरापासून शाळा नेमकी कुठे, किती उंचावर आणि कोणत्या बाजूला तोंड करून उभी राहणार, हे कागदावरून त्यांना उमगत नव्हते. म्हणून खाडीवरून उडत येऊन सड्यावर उतरणारी, साधारण ५० सेकंदांची हवाई चित्रफीत करायचे ठरवले.

त्यासाठी गूगल अर्थ स्टुडिओ वापरते आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: हा क्रोम ब्राउझरमध्ये चालतो, गूगल अर्थचीच उपग्रहचित्रे आणि भूरूप त्यात दिसते, आणि टाइमलाइनवर कीफ्रेम (त्या क्षणाची कॅमेऱ्याची स्थिती पक्की करणाऱ्या खुणा) ठेवून कॅमेऱ्याचे अक्षांश, रेखांश, उंची, वळण आणि झुकाव ठरवता येतो. शेवटी हाती येतो तो जेपेग फ्रेमचा क्रम. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर माझ्या ५० सेकंदांसाठी १२५० चित्रे होतात. त्यात आपले त्रिमितीय मॉडेल आत आणता येत नाही. मात्र कॅमेऱ्याच्या हालचालीची माहिती जेसन फाइलमध्ये मिळते. ती ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये घेऊन त्याच कॅमेऱ्यातून फक्त शाळा पारदर्शक पार्श्वभूमीवर रेंडर करायची आणि मग दोन्ही थर एकमेकांवर बसवायचे, असा माझा क्रम आहे.

दोन महिने झाले, तीन ठिकाणी अडले आहे. पहिली अडचण अशी, की मोजणीतून आलेले अक्षांश, रेखांश आणि उंची जशीच्या तशी घातली तेव्हा शाळा जमिनीत पुरली गेली. मी ती नजरेने वर उचलून बसवली; एका फ्रेममध्ये नेमकी बसते, पण कॅमेरा पुढे सरकला की इमारत जमिनीवरून घसरत असल्यासारखी दिसते, आणि शिवाय तिच्या कडा थरथरतात. दुसरी अडचण म्हणजे कॅमेरा खाली आला की आंब्याची कलमे, माडाची आगरे, घरांची कौले हे सगळे जमिनीवर छापलेल्या चित्रासारखे सपाट दिसते. तिसरी अडचण रंगाची: उपग्रहचित्रातला सडा करपलेला तपकिरी आहे, आणि गावकऱ्यांना तो ओळखीचा वाटत नाही.

यातून गेलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

नकाशाघर

पहिल्या अडचणीपुरते लिहितो, कारण माझे काम त्याच प्रांतातले आहे. आपल्या वर्णनात तीन वेगवेगळे दोष एकत्र झाले आहेत, त्यामुळे एक सुधारला की दुसरा डोके वर काढतो.

थरथरीपासून सुरुवात करू. कॅमेऱ्याची माहिती जागतिक निर्देशांकांत घेतली, तर प्रत्येक बिंदू पृथ्वीच्या केंद्रापासून मोजला जातो आणि आकडे साठ लाख मीटरांच्या आसपास जातात. त्रिमितीय सॉफ्टवेअर दृश्य काढताना बहुधा ज्या ३२ बिटांच्या संख्या वापरते, त्यांत एवढ्या मोठ्या आकड्याजवळ दोन शेजारच्या संख्यांमधले अंतर अर्धा मीटर असते. म्हणजे आपल्या शाळेच्या भिंतीचा कोपरा दर फ्रेमला अर्ध्या मीटरच्या पायऱ्यांवर उड्या मारतो. यावर उपाय एकच: प्लॉटच्या मध्यावर स्टुडिओतला ट्रॅक पॉइंट (संदर्भबिंदू) ठेवा, तो बिंदू शून्य धरा आणि निर्यात स्थानिक निर्देशांकांत करा. आकडे हजारांत आले की थरथर आपोआप जाते.

दुसरा दोष दिशेचा. आपल्या मोजणीदाराने नकाशा यूटीएममध्ये (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडणाऱ्या नकाशा-जाळीत) दिला असणार, आणि रत्नागिरी यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येते, ज्याचा मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व आहे. रत्नागिरी त्याच्या पश्चिमेस पावणेदोन अंशांच्या आसपास असल्यामुळे नकाशाच्या जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक पडतो. अर्धा अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ५०० मीटर अंतरावर त्याचे चार मीटरांहून अधिक होतात, आणि पाखाडीचे वरचे टोक शाळेच्या फाटकाऐवजी गडग्यावर (दगडी कुंपणावर) जाऊन आदळते. (विदर्भातील सदस्यांनी लक्षात ठेवावे की नागपूर ४४ व्या पट्ट्यात आहे, पुण्याच्या कार्यालयातून आलेली जुनी फाइल तशीच वापरली तर सगळाच घोटाळा होतो.)

तिसरा दोष उंचीचा, आणि शाळा पुरली गेली ती याच्यामुळे. मोजणी उपग्रहाधारित यंत्राने केली होती का, आणि उंचीचा आकडा काय आहे, ते सांगाल का?

कातळसडा

होय, दुहेरी रिसीव्हरच्या जीपीएस यंत्राने मोजणी झाली. सड्यावरच्या खुणेची उंची अहवालात २२ मीटर दिली आहे. मला ती तेव्हाच खटकायला हवी होती, कारण खाडीवरून सडा चढताना दम लागतो आणि गावातले लोकही तो त्याहून कितीतरी उंच असल्याचे सांगतात.

नकाशाघर

मग निदान पक्के झाले. उपग्रहाधारित यंत्र उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या देशाच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाचा जगातला सर्वांत खोल खळगा आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेस समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या शंभर मीटरांहून अधिक खाली आहे, आणि त्याच उताराचा परिणाम म्हणून कोकण किनाऱ्यावर हा फरक साठ ते ऐंशी मीटरांच्या दरम्यान येतो. युरोपात बनवलेले धडे पाहून काम करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण तिथे लंबगोल समुद्रसपाटीच्या खाली असतो आणि चूक उलट दिशेची होते.

आपला सडा बहुधा समुद्रसपाटीपासून नव्वद मीटरांच्या आसपास आहे, आणि यंत्राने दिलेले २२ हे त्याचेच लंबगोलापासूनचे रूप आहे. मोजणीदाराकडून समुद्रसपाटीपासूनची उंची मागून घ्या, किंवा जिओइडच्या (समुद्रसपाटीच्या गणिती पृष्ठाच्या) मॉडेलवरून ती रूपांतरित करून घ्या. सीझियमसारख्या त्रिमितीय नकाशांच्या मंचावर काम करणाऱ्यांना मात्र नेमका उलट हिशेब करावा लागतो, कारण तिथे उंची लंबगोलापासूनच अपेक्षित असते.

नजरेने उचललेली इमारत एकाच कोनातून का बसते, हेही यातच आहे. चित्रात वस्तू वर सरकवणे आणि कॅमेऱ्याच्या जवळ आणणे या दोन गोष्टी एका फ्रेममध्ये सारख्याच दिसतात. कॅमेरा हलला की खोटे उघडे पडते. म्हणून नजरेवर अजिबात विसंबू नका. चार ओळखीचे बिंदू घ्या: जेटीचे टोक, देवळासमोरचा चौथरा, पाण्याच्या टाकीचा कोपरा आणि सड्यावरची खूण. चारही ठिकाणी ब्लेंडरमध्ये लहान ठोकळे ठेवा, पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम काढून पाहा. ठोकळे जागेवर राहिले, तरच इमारत बसवा.

आणखी एक: निर्यात फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या दृश्यक्षेत्राचा कोन उभ्या दिशेने दिलेला असतो, तर ब्लेंडर रुंद चौकटीसाठी तो आडव्या दिशेने धरतो. उभा ३५ अंशांचा कोन १६:९ च्या चौकटीत आडवा सुमारे ५८.५ अंश होतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरची बसवणी उभी करून टाका, म्हणजे हा हिशेबच करावा लागणार नाही.

ओळंबा

चर्चा उत्तम चालली आहे. मी चाळीस वर्षे वास्तुविशारदाचे काम केले, त्यातील निम्मी हाताने यथार्थदर्शन काढण्यात गेली, त्यामुळे मला तंत्रापेक्षा कॅमेऱ्याच्या वाटेबद्दल बोलायचे आहे. ताई, आपण कॅमेऱ्याची वाट कशी ठेवली आहे, हे आपण लिहिलेले नाही. अंदाज करतो की चित्रफीत अंतराळातल्या पृथ्वीगोलापासून सुरू होते, भारतावर येते, महाराष्ट्रावर येते, मग खाडी दिसते आणि शेवटी शाळेभोवती एक प्रदक्षिणा होते.

कातळसडा

अगदी तसेच आहे, सर. स्टुडिओत तयार मिळणाऱ्या हालचालींपैकी पहिली झेप घेऊन उतरण्याची आहे आणि दुसरी प्रदक्षिणेची. दोन्ही जोडल्या आहेत.

ओळंबा

तयार हालचाली शिकण्यासाठी चांगल्या आहेत, पण ही चित्रफीत कोणासाठी आहे, याचा विचार त्या करू शकत नाहीत. परदेशातल्या देणगीदाराला गाव जगाच्या पाठीवर कुठे आहे हे दाखवायचे असेल, तर गोलापासून सुरुवात करण्यात अर्थ आहे. ग्रामसभेतल्या माणसाला आपले गाव पृथ्वीवर कुठे आहे हे सांगण्याची गरज नाही. त्याला हवे आहे ते आपल्या दारापासून शाळेच्या दारापर्यंतचे अंतर. मग कॅमेरा त्याच्याच वाटेने न्या. तर (माणसे ने-आण करणारी होडी) जिथे लागते तिथून निघा, पाण्याच्या वर तीस-चाळीस मीटरांवरून खाजणावरून या, आगरातल्या माडांच्या शेंड्यांवरून वाडीत शिरा, देऊळ डाव्या हाताला ठेवा, पाखाडीच्या रेषेवर राहून चढा आणि सड्याची कडा ओलांडली की मगच शाळा दिसू द्या. पाखाडी चढून आलेल्या मुलाला ती जशी दिसेल, त्याच क्रमाने. शाळेची जागा निवडताना आपण जो विचार केला असेल, तोच विचार कॅमेऱ्याच्या वाटेत उमटला पाहिजे. नाहीतर प्रदक्षिणा कोणत्याही इमारतीला घालता येते.

दुसरे म्हणजे वेग. हा मुद्दा मी तरुण सहकाऱ्यांना कागदावर गणित करून दाखवतो. ३०० मीटर त्रिज्येच्या प्रदक्षिणेचा परीघ सुमारे १८८५ मीटर भरतो. ती २० सेकंदांत पूर्ण केली, तर कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला ९४ मीटर, म्हणजे ताशी ३४० किलोमीटर झाला. एवढ्या वेगाने इतक्या खालून सहसा काही उडत नाही. पाहणाऱ्याला आकडा कळत नाही, पण डोळ्याला कळते, आणि तो नकळत ठरवतो की समोरची वस्तू लहान आहे. शाळा खेळण्यासारखी दिसते ती मॉडेल वाईट असते म्हणून नव्हे, तर वेगामुळे. वाडीच्या वर आल्यावर सेकंदाला बारा-पंधरा मीटरांच्या वर जाऊ नका. खाडीवर थोडे अधिक चालेल, कारण पाण्यावर नजरेला धरायला काही नसते. त्यामुळे लांबी वाढेल हे खरे, पण अंतराळातले पंधरा सेकंद वाचलेलेच आहेत.

वळणांबद्दलही एक सांगतो. कीफ्रेम जितके कमी, तितकी वाट सुरेख. प्रत्येक खुणेवर कीफ्रेम ठोकला की कॅमेरा प्रत्येक ठिकाणी किंचित अडखळतो. जेटी, देऊळ, सड्याची कडा आणि शाळेचे अंगण, हे चार पुरेत. मधली वाट वक्ररेषेवर सोडा आणि नजर मात्र आधीपासून पुढच्या खुणेकडे वळू द्या. माणूसही वळणावर आधी मान वळवतो, मग पाय.

उन्हंसावली

मी रेंडरचे काम करते, त्यामुळे उरलेल्या दोन अडचणींबद्दल लिहिते.

सपाट झाडांचे कारण असे. गूगल अर्थवर अनेक परदेशी शहरांत विमानातून तिरप्या कोनांत घेतलेल्या छायाचित्रांवरून इमारती आणि झाडे यांचे खरे त्रिमितीय पृष्ठ तयार केलेले असते. आपल्या कोकणातल्या गावात तसे काही नाही. तिथे भूरूपाच्या जाळीवर उपग्रहचित्र पांघरलेले आहे. ते पांघरूण किती उंचीपर्यंत खरे वाटते, हे प्रत्यक्ष तपासून पाहिले पाहिजे. माझ्या अनुभवात जमिनीपासून तीन-चारशे मीटरांच्या खाली आल्यावर भ्रम सुटू लागतो. म्हणजे ओळंबा सरांनी सांगितलेली वाट, जी मला मनापासून पटली, ती स्टुडिओच्या फ्रेमवर पूर्णपणे काढता येणार नाही. खाडीचे सुरुवातीचे विस्तृत दृश्य आणि दूरचे डोंगर स्टुडिओतून घ्या. वाडीपासून सड्यापर्यंतचा पट्टा मात्र ब्लेंडरमध्ये स्वतः उभारा. जोड कुठे द्यायचा ते आधीच ठरवा. माडाची झावळी कॅमेऱ्यासमोरून गेली, त्या क्षणी जोड दिला तर तो दिसत नाही.

झाडे पेरताना कृपया सॉफ्टवेअरच्या तयार संग्रहातली परदेशी झाडे वापरू नका. सात-आठ जातींचे मॉडेल नीट करा: माड, पोफळ, आंब्याचे कलम, काजू, फणस, वड आणि गडग्यालगतची झुडपे. कलमांची रांग उपग्रहचित्रात स्पष्ट दिसते, अंतरही मोजता येते. प्रत्येक झाड त्याच्याच ठिपक्यावर बसवा. सड्यावर मात्र सरसकट हिरवळ पसरू नका. सडा म्हणजे उघडा कातळ, पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साचते आणि तळहाताएवढ्या मातीत गवत नि रानफुले येतात, एवढेच. तसेच याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत, जी २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. वाहनतळ किंवा मैदान दाखवण्याआधी जागा पायी फिरून पाहिली असेलच, पण उल्लेख करून ठेवते.

आता सावली. ज्या उपग्रहांची स्वच्छ चित्रे नकाशांसाठी वापरली जातात, त्यांतले बहुतेक सकाळी स्थानिक वेळेनुसार साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. त्यामुळे आपल्या चित्रातल्या घरांच्या आणि झाडांच्या सावल्या पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे पडलेल्या असतात, आणि त्या चित्रातच कायम छापलेल्या असतात. ब्लेंडरमध्ये आपण सोनेरी संध्याकाळ लावली, तर शाळेची सावली पूर्वेला जाईल आणि शेजारच्या घराची पश्चिमेला. पाहणारा कारण सांगू शकणार नाही, पण शाळा चिकटवलेली आहे हे त्याला लगेच जाणवेल. चित्रातले एखादे उंच, सुटे झाड किंवा टाकी शोधा, सावलीची दिशा आणि लांबी मोजा, आणि सूर्य तिथेच ठेवा.

आपल्या इथे सूर्य कधीकधी उत्तरेलाही जातो, हे रेंडर करणारे विसरतात. रत्नागिरीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी तो माथ्यावर येतो आणि मधल्या काळात दुपारी किंचित उत्तरेला असतो. जूनमध्ये, शाळा सुरू होते तेव्हा, ढग नसतील तर उत्तरेच्या भिंतीवर ऊन असते. वर्गाच्या खिडक्या उत्तरेला असतील तर ते चित्रफितीतही खरे दाखवा.

रंगाबद्दल. उपग्रहाला ढगांतून दिसत नाही, म्हणून जून ते सप्टेंबरमधले कोकण नकाशावर जवळजवळ कधीच येत नाही. आपल्याला मिळते ते नोव्हेंबर ते मे या काळातले कोरडे कोकण. नुसता हिरवा रंग चढवला की सगळा डोंगर एकसारखा पोपटी होतो, आणि ते खोटे दिसते. मी असे करते: सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात, त्यांत एक ठिपका दहा मीटरांचा असतो आणि दर पाच दिवसांच्या आसपास नवे चित्र येते. ऑक्टोबरमधला पहिला निरभ्र दिवस शोधायचा. ते चित्र जवळून वापरण्याइतके बारीक नसते, पण कोणता उतार हिरवा, भातखाचरे कधी पिवळी आणि सडा कुठे उघडा, याचा खरा नकाशा त्यातून मिळतो. तपशील जुन्या चित्राचा ठेवायचा आणि रंग ऑक्टोबरचा चढवायचा.

माथापायथा

एक वेगळे मत मांडतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ड्रोन उडवून दोन दिवसांत गावाचे खरे त्रिमितीय पृष्ठ का करू नये? ओपनड्रोनमॅपसारखे मुक्त सॉफ्टवेअर आहे, चार नियंत्रण बिंदू जमिनीवर रंगवले की पुरते.

नकाशाघर

वाडी आणि सडा यांच्यासाठी ड्रोन उत्तमच आहे, आणि उन्हंसावली यांनी सांगितलेल्या जवळच्या पट्ट्याला तो अगदी योग्य ठरेल. पण २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रातही १२० मीटरांची मर्यादा आहे, आणि उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर क्षेत्र तपासावे लागते. किनारपट्टीवर आणि विमानतळांच्या परिसरात तर विशेष काळजीपूर्वक. खाडीच्या मुखापासून मागच्या सह्याद्रीच्या रेषेपर्यंतचे दृश्य १२० मीटरांवरून मिळत नाही. म्हणून दूरचे उपग्रहातून, जवळचे ड्रोनमधून, आणि नवी इमारत आपल्या मॉडेलमधून, अशी तीन थरांची विभागणी मला रास्त वाटते.

ड्रोनचा आणखी एक फायदा उंचीच्या मॉडेलला होतो. एसआरटीएम या मोफत जागतिक मॉडेलातली उंची २००० साली फेब्रुवारीत अंतराळयानातून अकरा दिवसांत रडारने मोजलेली आहे आणि तिचा ठिपका ३० मीटरांचा आहे. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचे कार्टोडेम हे उंचीचे मॉडेलही मोफत मिळते, तेही ३० मीटरांचे. सड्याची कडा जिथे उभी तुटते, तिथे अशी मॉडेले तिला गुळगुळीत उतार करून टाकतात. आपल्या प्रकल्पात तर सगळे नाट्य त्या कड्याचे आहे. कडा ओलांडल्यावर शाळा दिसायची असेल, तर कडा हवा तिथे आणि हवा तितका उभा असला पाहिजे.

पोल्डर

नेदरलँड्समध्ये राहते, वास्तूचित्रणाच्याच कामात आहे. इकडे डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने देशातल्या सुमारे एक कोटी इमारतींची त्रिमितीय माहिती सर्वांसाठी खुली केलेली आहे, आणि लेसरने मोजलेली उंचीही अर्ध्या मीटरच्या ठिपक्यापर्यंत मोफत मिळते. त्यामुळे परिसर उभारण्यात वेळ जात नाही, मात्र सगळ्यांच्या चित्रफिती एकसारख्या दिसू लागल्या आहेत. आपण प्रत्येक कलम त्याच्या ठिपक्यावर बसवणार आहात हे वाचून फार बरे वाटले. एक तांत्रिक सूचना: दूरच्या दृश्यात पृथ्वीची वक्रता विसरू नका. दहा किलोमीटरवर सपाट जाळी आणि खरी जमीन यांच्यात जवळपास आठ मीटरांचा फरक पडतो. खाडीच्या मुखाजवळ पाण्याची रेषा जुळेनाशी झाली, तर कारण तिथे शोधा.

बारकोड

परवान्याचे काय? बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींत अशी दृश्ये मी सर्रास पाहतो.

उन्हंसावली

सर्रास दिसतात म्हणून ती नियमात बसतात असे नाही. बातम्या, संशोधन, शिक्षण आणि ना-नफा कामासाठी स्टुडिओ वापरण्याची मोकळीक आहे, पण प्रत्येक फ्रेमवर गूगलचा आणि चित्रे पुरवणाऱ्या संस्थेचा नामोल्लेख दिसलाच पाहिजे. तो पुसणे, कापणे किंवा त्यावर पट्टी ठेवणे चालत नाही. धर्मादाय न्यासाची शाळा ग्रामसभेत दाखवणे यात अडचण नसावी. सदनिका विकण्यासाठी चित्रफीत करायची असेल, तर अटी स्वतः वाचून, लेखी स्पष्टता घेतल्याशिवाय हात घालू नये. माझ्या एका जुन्या कामात नामोल्लेख चौकटीबाहेर गेला होता आणि काम पूर्ण झाल्यावर सगळ्या फ्रेम पुन्हा काढाव्या लागल्या. तेव्हापासून चौकट आखतानाच खालच्या कोपऱ्यात त्याची जागा मोकळी ठेवते आणि गावाचे नाव दुसऱ्या कोपऱ्यात लिहिते.

कातळसडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे.

मोजणीदाराने उंची रूपांतरित करून दिली: ९० मीटर. फरक ६८ मीटरांचा निघाला. ट्रॅक पॉइंट सड्यावरच्या खुणेवर ठेवला, निर्यात स्थानिक निर्देशांकांत केली, उत्तरेचा अर्धा अंश वळवला आणि चारपैकी तीन ठोकळे तीनही फ्रेममध्ये जागेवर राहिले. जेटीचा ठोकळा मात्र दीड मीटर पश्चिमेला होता. मागाहून कळले की जेटी गेल्या वर्षी वाढवली आहे आणि चित्र त्याआधीचे आहे. थरथर पूर्ण थांबली. कडा पुढे आल्यावर शाळा तिच्यामागे झाकली जावी म्हणून ड्रोनच्या मोजणीतून केलेली सड्याची जाळी ब्लेंडरमध्ये अदृश्य झाकण म्हणून वापरली. ही एक गोष्ट कोणी लिहिली नव्हती, पण तिच्यावाचून इमारत डोंगरातून आरपार दिसत होती.

ओळंबा सरांची वाट जशीच्या तशी घेतली. लांबी ७८ सेकंद झाली. खाडीवर वेग सेकंदाला ३० मीटर, वाडीवर १२ आणि पाखाडीवर ९ ठेवला. पाखाडीच्या मध्यावर एक पार आहे, जिथे चढणारा प्रत्येक जण टेकतो; तिथे कॅमेरा अगदी किंचित मंदावतो.

परवा ग्रामसभेत देवळाच्या सभामंडपात पांढरे धोतर ताणून त्यावर दाखवली. तर दिसताच पुढच्या रांगेतल्या मुलांनी होडीवाल्याचे नाव घेतले. दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा एका आजींनी थांबवायला सांगितले आणि पडद्याजवळ येऊन विचारले, की पाखाडी त्यांच्या गडग्याच्या खालून गेलेली दाखवली आहे, पण पावसात तो तुकडा पाण्याखाली जातो, मग मुले कुठून येणार? आराखड्यात तो ओहोळ होता, पण निळ्या तुटक रेषेने दाखवलेला, आणि आजवर कोणी त्याबद्दल बोलले नव्हते. तिथे साकव (ओहोळावरचा लहान पूल) हवा असा ठराव त्याच सभेत झाला.

आता साकवाचा आराखडा करते आहे. जुलैमध्ये ओहोळ किती भरतो याच्या खुणा गावकऱ्यांनी गडग्यावर चुन्याने करून दिल्या आहेत, त्या मोजून घेतल्या की चित्रफितीचा पाखाडीचा भाग पावसाळ्यासाठी वेगळा काढणार आहे. ढगाळ उजेडात सावल्या जवळजवळ नसतात, तर उपग्रहचित्रातल्या छापील सावल्या कशा पुसाव्यात, याबद्दल उन्हंसावली ताईंनी सवडीने लिहावे.

उन्हंसावली

वाडीचा भाग ड्रोनमधून घेतलेला असल्यामुळे आपले काम सोपे आहे: आभाळ पूर्ण भरलेले असेल अशा दिवशी, पाऊस थांबलेल्या तासाभरात, तेवढाच पट्टा पुन्हा उडवून घ्या, क्षेत्र आधीप्रमाणे तपासूनच. सावल्या पुसण्यापेक्षा त्या नसलेले चित्र घेणे केव्हाही चांगले. दूरच्या डोंगरांवर धुके चढवा, तिथल्या सावल्या त्यातच विरून जातात. ओल्या जांभ्याचा रंग मात्र कोरड्यावरून अंदाजाने करू नका. पाखाडीची एक पायरी पाणी ओतून ओली करा, शेजारी पांढरा कागद ठेवून तिचे छायाचित्र घ्या आणि रंग त्यावरून जुळवा.